९ वर्षांचा मुलगा, रात्री अंथरुणात शू : डॉक्टरांनी डेस्मोप्रेसिन लिहून दिलंय, द्यावं का?

अनु_सातारा :

नमस्कार. मुलगा सप्टेंबरमध्ये ९ वर्षांचा झाला. रात्री अंथरुणात शू होते, अगदी लहानपणापासून. मधे सुटली आणि पुन्हा सुरू झाली असं नाही, ती कधी सुटलीच नाही. आठवड्यातल्या चार-पाच रात्री तरी चादर बदलावी लागते. दिवसा कधी चड्डी ओली होत नाही. लघवीची तपासणी, रक्तातली साखर, सोनोग्राफी सगळं व्यवस्थित आलंय.

आत्तापर्यंत मेणकापड, वर जुनी गोधडी, रात्री बाराला उठवून बाथरूमला नेणं यावर निभावलं. पण आता तो चौथीत आहे. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास, म्हणून त्यांची शाळा दर वर्षी जानेवारीत या वर्गाला रायगडावर मुक्कामाला नेते. या पोरानं वहीत टकमक टोकाचं, हिरकणी बुरुजाचं चित्र काढलंय, नगारखाना कुठे आणि बाजारपेठ कुठे हे तोंडपाठ आहे. आणि सहलीचा फॉर्म घरी आला त्या दिवसापासून म्हणतोय, "आई, मला नाही जायचं, माझं पोट दुखतं." का ते सगळ्यांना कळतंय, बोलत कुणी नाही.

डॉक्टरांनी डेस्मोप्रेसिनची जिभेखाली विरघळणारी गोळी लिहून दिली आहे, १२० मायक्रोग्रॅम, झोपायच्या तासभर आधी. ओपीडीत गर्दी होती, "रात्री पाणी कमी द्या" एवढंच सांगून पुढचा पेशंट आत आला. घरी येऊन वाचलं तर हे हार्मोन आहे म्हणे. सासूबाईंचं म्हणणं, कोवळ्या जिवाला हार्मोन कशाला, मी तीळ-गूळ-ओव्याचा लाडू देते रोज रात्री, आपोआप थांबेल. मिस्टर म्हणतात, मोठा झाला की थांबतं. मला भीती वाटते ती वेगळीच. याची सवय लागते का? उंचीवर, पुढे वयात येण्यावर परिणाम होतो का? आणि दिलीच, तर पाणी कमी म्हणजे नक्की किती कमी?

ज्यांनी मुलांना हे औषध दिलंय त्यांनी कृपया लिहा.

ठाणेकर_बाबा :

आमच्या मुलीला गोळीही दिली आणि अलार्मही लावला, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो. अलार्म म्हणजे चड्डीला एक छोटा सेन्सर अडकवायचा, ओलं लागलं की तो वाजतो. सुरुवातीला तिला सोडून घरातले सगळे उठायचे. वन बीएचके, शेजारी माझे आईवडील झोपलेले. मी उठून तिला उभं करायचो, बाथरूमला न्यायचो, तिच्याच हातानं चादर बदलून घ्यायचो. शिक्षा म्हणून अजिबात नाही. ती पूर्ण जागी झाली पाहिजे, तरच याचा उपयोग होतो, एवढंच कारण. काही आठवड्यांनी चादरीवरचा डाग लहान व्हायला लागला, म्हणजे ती मधेच थांबायला शिकत होती. सलग १४ रात्री कोरड्या गेल्या तेव्हा अलार्म काढायला सांगितलं. सगळं मिळून तीनेक महिने गेले.

पण तुमच्या हातात जानेवारीपर्यंतच वेळ आहे, आणि गडावर तीस मुलांच्या मधे अलार्म वाजवून चालणार नाही. आम्हीही लग्नाला, गावाला जाताना गोळीच वापरली. मुक्कामासाठी गोळी, कायमचं बरं व्हायला अलार्म, असं आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. ते पटलं.

औषधवाली_सांगली :

ताई, मी फार्मासिस्ट आहे. सांगलीत आमचं औषधांचं दुकान आहे आणि हे औषध आम्ही बरीच वर्षं देतोय. काउंटरवर लोक दबक्या आवाजात मागतात, काही विचारत नाहीत, पिशवीत घालून निघून जातात. म्हणून मीच थांबवून सांगते. तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. सविस्तर लिहिते, आपल्या डॉक्टरांशी बोलून मगच ठरवा.

आधी हार्मोनची भीती. आपल्या मेंदूत व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन तयार होतं. रात्री ते वाढतं, मूत्रपिंडं पाणी शरीरात परत ओढून घेतात, त्यामुळे रात्रीची लघवी थोडी आणि घट्ट होते. काही मुलांमध्ये ही रात्रीची वाढ अजून नीट होत नाही. नळ रात्री बारीक व्हायला हवा तो दिवसासारखाच सुरू राहतो, लघवीची पिशवी भरते, आणि झोप इतकी गाढ की भरल्याचं कळत नाही. डेस्मोप्रेसिन हे त्याच हार्मोनसारखं बनवलेलं औषध आहे. ते त्या रात्रीपुरतं लघवी कमी करतं आणि सकाळपर्यंत उतरतं. वयात येण्याच्या हार्मोनांशी त्याचा काही संबंध नाही, उंचीशीही नाही. सवय लागण्याचं म्हणाल तर तसं व्यसन लागत नाही, पण गोळी बंद केली की बऱ्याच मुलांची चादर पुन्हा ओली होते, कारण गोळीनं मूळची ठेवण बदललेली नसते. हे आधीच माहीत असलेलं बरं. नाहीतर लोक दुकानात येऊन म्हणतात, तुमचं औषध फसवं निघालं.

सगळ्या मुलांना हे लागू पडत नाही. साधारण तीनातल्या एकाला पूर्ण फरक पडतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही. ज्याची रात्रीची लघवी खूप जास्त आणि पिशवी वयाप्रमाणे ठीक, त्याला जास्त फायदा. हे घरी मोजता येतं. वयात १ मिळवून ३० नं गुणायचं, म्हणजे तुमच्या मुलाला ३०० मिली, एवढं त्याच्या पिशवीत मावायला हवं. शनिवार-रविवारी तो घरी असेल तेव्हा दिवसभर मापाच्या भांड्यात लघवी करायला सांगा, सकाळची पहिली सोडून. प्रत्येक वेळी १००-१२० मिलीच येत असेल तर पिशवी लवकर आकसतेय, तिथे नुसत्या या गोळीनं भागत नाही, डॉक्टर ऑक्सिब्युटिनिनसारखं दुसरं औषध जोडायचा विचार करतात. रात्रीचं मोजायचं तर डायपर घालून सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, कोरड्या डायपरचं वजन वजा करा, उरलेले ग्रॅम म्हणजे जवळपास तेवढेच मिली. त्यात सकाळची पहिली लघवी मिळवा. ३९० च्या वर गेलं तर रात्री लघवी जास्त होतेय असं धरतात. हे आकडे वहीत लिहून पुढच्या भेटीला न्या. गर्दीच्या ओपीडीतही डॉक्टर अशा वहीकडे दोन मिनिटं बघतातच.

आता पाणी. हा या औषधाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि "कमी द्या" एवढ्यानं भागत नाही. गोळीच्या एक तास आधीपासून ते गोळीनंतर ८ तास, या वेळात फक्त घसा ओला करण्यापुरते घोट. झोपताना दुधाचा पेला नाही. उन्हाळ्यात रात्री कलिंगड नाही, ताक नाही, सरबत नाही. औषध पाणी शरीरात धरून ठेवतं. वरून पाणी पीत राहिलं की रक्त पातळ होऊन त्यातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, उलटी, चेहऱ्यावर सूज, गुंगी, आणि फार उतरलं तर फिट. नियम पाळणाऱ्या घरात हे क्वचित होतं, पण यातलं काही दिसलं तर त्या रात्री पुढची गोळी नाही, पाणी पाजत बसायचं नाही, थेट दवाखाना, आणि तिथे डेस्मोप्रेसिन सुरू आहे हे सांगायचं. ताप, जुलाब, उलट्या असतील तर ते पूर्ण थांबेपर्यंत गोळी बंद, कारण तेव्हा मुलाला पाणी पाजावंच लागतं. आणखी एक, हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडे तापाला आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सिरप सर्रास देतात. आयब्युप्रोफेननंही शरीरात पाणी धरलं जातं, या गोळीबरोबर ते नको. घरातल्या सिरपच्या बाटलीवरचं लेबल आजच वाचून ठेवा.

म्हणजे मुलाला तहानलेलं ठेवायचं का? मुळीच नाही. उलट दिवसा भरपूर प्यायला द्या. मला तुमच्याकडून एक जाणून घ्यायचंय. शाळेतून येताना त्याची पाण्याची बाटली भरलेली असते का? शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत, शू दाबून धरतात, आणि संध्याकाळी खेळून आल्यावर तांब्याच्या तांब्या रिचवतात. असं असेल तर ते आधी बदला. शाळेत दोनदा तरी लघवीला जाऊ द्या म्हणून बाईंना चिठ्ठी द्या.

आणि पोट. शी रोज होते का, घट्ट, जाड होते का? बद्धकोष्ठ असलं की भरलेलं आतडं लघवीच्या पिशवीवर दाबतं. कितीतरी मुलांचं पोट महिनाभर नीट साफ ठेवलं की चादरीत फरक पडतो. "माझं पोट दुखतं" हे सहलीचं निमित्त असेलही, पण ते खरं नाही ना हे एकदा बघाच. रात्री घोरतो का, तोंडानं श्वास घेतो का, तेही डॉक्टरांना सांगा. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या मुलांतही हा त्रास दिसतो.

आजींच्या लाडवाला विरोध करू नका. तीळ-गुळानं शू थांबते याला आधार नाही, पण त्यानं काही बिघडतही नाही. फक्त रात्री लाडू खाल्ला की तहान लागते, म्हणून सकाळी द्यायला सांगा.

आनंदकाका_अमरावती :

मी ६८ वर्षांचा. मला १३ वर्षांपर्यंत हा त्रास होता. सातवीत असताना डॉक्टरांनी इमिप्रामिनच्या गोळ्या दिल्या होत्या. ते मुळात नैराश्याचं औषध. त्यानं रात्री कोरड्या गेल्या हे खरं, पण तोंड सारखं कोरडं पडायचं, वर्गात हात थरथरायचे, आणि गोळी थांबली की आठवड्यात पुन्हा पहिले पाढे. पुढे एक दिवस आपोआपच थांबलं.

लिहायचं कारण वेगळं. त्या वयात मला वाटायचं की जगात असा मी एकटाच आहे. माझ्या वडिलांना लहानपणी हेच होतं, आणि ते मला कळलं त्यांच्या शेवटच्या आजारपणात, आत्याकडून. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता जवळपास निम्मी असते, दोघांना असेल तर त्याहून बरीच जास्त. ताई, तुमच्या सासूबाईंना एकांतात विचारा, मिस्टरांना कितव्या वर्षापर्यंत होत होतं. आणि होत असेल तर ते मुलाला त्याच्या बाबांनी स्वतः सांगू दे. मला कुणी सांगितलं असतं तर माझी चार वर्षं वेगळी गेली असती.

औषधवाली_सांगली :

काका, तुम्ही हे लिहिलंत, फार मोठं काम केलंत. इमिप्रामिनबद्दल एक जोडते, कारण जुन्या चिठ्ठ्या घेऊन अजूनही लोक येतात. आता ते अगदी शेवटच्या पर्यायांत धरतात. चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. घरात लहान भावंड असेल तर ती बाटली कुलपातच हवी. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल तर आधी ईसीजी काढतात. शेजाऱ्यांच्या मुलाला दिल्या होत्या म्हणून उरलेल्या गोळ्या कुणी देऊ केल्या तर घेऊ नका.

अनु_सातारा :

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटलीचं अगदी बरोबर निघालं. शाळेतून भरलेली परत येते, मी रोज ती बेसिनमध्ये ओतते आणि कधी मनात आलं नाही. शीचंही तसंच, दोन-तीन दिवसांतून एकदा. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी आधी पोट साफ होण्याची पावडर दिली, गोळी मग सुरू करू म्हणाले.

काका, विचारलं. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, पाचवी संपेपर्यंत. मिस्टर त्या रात्री त्याच्याजवळ झोपले. काय बोलले ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सहलीचा फॉर्म माझ्यासमोर आणून ठेवला.

आता एक प्रश्न आहे. चुलतसासऱ्यांचं पिट्युटरीचं, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीचं, ऑपरेशन झालं होतं, त्यांना डेस्मोप्रेसिनचाच नाकात मारायचा स्प्रे दिला होता. तो उरलाय, फ्रीजमध्ये आहे, तारीखही संपलेली नाही. औषध तेच, तर तोच वापरायला ते म्हणतायत. आणि गोळी महाग आहे. चालेल का?

औषधवाली_सांगली :

नाही ताई, कृपा करून नको. नाव तेच असलं तरी स्प्रेचं काम वेगळं आहे. पिट्युटरीच्या आजारात शरीर हे हार्मोन बनवतच नाही, दिवसरात्र लघवी होत राहते, त्यांना तो लागतो. मुलांच्या अंथरुणातल्या शूसाठीही पूर्वी स्प्रे देत होते, पण सोडियम उतरून मुलांना फिट आल्याच्या घटना पुढे आल्या आणि २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या कारणासाठी स्प्रे वापरू नये असं जाहीर केलं. चुलतसासऱ्यांना सांगा, हेतू चांगला आहे, पण स्प्रे मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

महाग आहे हे खरं. जिभेखालची परवडत नसेल तर गिळायची साधी गोळीही मिळते, डॉक्टरांना विचारा. मात्र आकड्यांचा गोंधळ करू नका. साध्या गोळीवर ०.२ मिलिग्रॅम म्हणजे २०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं आणि जिभेखालच्या गोळीवर १२०. दोन्हींचं काम सारखं. जिभेखालची पोटातून जाण्याआधीच शोषली जाते म्हणून तिला कमी मात्रा पुरते. आकडा लहान दिसला म्हणून दोन द्यायच्या नाहीत.

अनु_सातारा :

महिन्याने लिहितेय. पोट साफ होऊ लागल्यावर आणि पाणी दिवसा हलवल्यावर ओल्या रात्री थोड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग गोळी सुरू केली. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही म्हणून जीव खाली गेला. नंतर लक्षात आलं की आमच्याकडे जेवण साडेनऊला, गोळी पावणेदहाला आणि दहाला तो झोपलेला. वेळ बदलली. आठला जेवण आणि तेव्हाच पाण्याचा शेवटचा पेला, नऊला गोळी, दहाला शू करून अंथरुणावर. आता आठवड्यात एखादीच रात्र ओली जाते. डोकेदुखी वगैरे काही नाही.

सहल पुढच्या आठवड्यात आहे. त्याला घाटात गाडी लागते, उलटी होते. गड बघून दमल्यावर पोरं पाण्यावर तुटून पडणार. बाईंना काय सांगू? आणि परत आल्यावर गोळी थांबवू का?

औषधवाली_सांगली :

वेळ बदलल्यानं फरक पडला हे चांगलं झालं. अन्न पोटात असताना हे औषध कमी शोषलं जातं.

तीस मुलांना सांभाळणाऱ्या बाईंना लांब चिठ्ठी देऊ नका. तीन गोष्टी पुरे. रात्री नऊला एक गोळी जिभेखाली. आठनंतर पाणी फक्त घोटभर. आणि त्या दिवशी उलट्या, जुलाब, ताप काहीही झालं असेल किंवा संध्याकाळी उशिरापर्यंत तो भरपूर पाणी प्यायला असेल तर त्या रात्री गोळी नाही. गोळी चुकली तर फार तर अंथरूण ओलं होईल. प्यायलेल्या पाण्यावर गोळी गेली तर मूल आजारी पडेल. बाईंना हे अगदी असंच सांगा, म्हणजे त्या बिचाऱ्या घाबरून उगाच गोळी देणार नाहीत. गडावर उन्हात फिरताना मात्र दिवसभर त्याला पाणी पिऊ द्या, ते रोखायचं नाही.

जिभेखालची गोळी फार नाजूक असते, ओल लागली की विरघळते. पाकिटातून दाबून काढायची नाही, मागचं पापुद्र्यासारखं झाकण सोलायचं, कोरड्या हातानं लगेच जिभेखाली. पाकीट आधी फोडून डबीत ठेवू नका. जितके मुक्काम तेवढ्याच गोळ्या आणि एक जादा, अख्खं पाकीट मुलाच्या सॅकमध्ये नको. झोपण्याच्या पिशवीत तळाला एक जादा पँट आणि प्लास्टिकची पिशवी ठेवा, कुठे आहे ते त्याला दाखवा, आणि अंधारात हाताला लागेल अशी बॅटरी द्या. बाईंनी त्याला झोपायच्या आधी सगळ्यांबरोबर लघवीला पाठवलं तर कुणाचं लक्षही जाणार नाही.

परत आल्यावर लगेच थांबवू नका. साधारण ३ महिने देऊन आठवडाभर बंद ठेवून बघतात, कोरडा राहिला तर तिथेच संपवतात, ओला झाला तर पुन्हा सुरू. काही डॉक्टर एकदम बंद न करता मात्रा उतरवत नेतात, त्यानं पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण कमी राहतं. तुमच्या डॉक्टरांची पद्धत विचारा. आणि मे महिन्याच्या सुट्टीत, शाळेची सकाळची घाई नसताना, ठाणेकर बाबांनी सांगितलेला अलार्म लावायचा का, हेही त्याच भेटीत बोलून घ्या. त्याला लागणारे दोन-तीन महिने एका दमात मिळायला सुट्टीच बरी पडते.